खिळ्यांचा डबा आणि माझा अचूक नेम

रविवार, ७ सप्टेंबर. सकाळ.
काल बाप्पा गेले. काळाचौकी आज झोपलेली आहे. मी मात्र सहाला उठलो (पावणेआठ).
संकल्प : २८ तारखेला क्लबची वार्षिक स्पर्धा. वेटरन्स गट, एअर पिस्तूल, सेमी-ऑटोमॅटिक. पाच छर्‍यांची पट्टी भरायची, दहा सेकंदांत पाच निशाणं. या वर्षी मेडल आपलंच. गेल्या वर्षी शेवटचा आलो होतो, पण गटात चारच जण होते. म्हणजे चौथा आलो असंही म्हणता येतं, आणि मी तसंच म्हणतो.
नेमबाजी माझ्या रक्तात आहे. १९८६ साली माहीमच्या जत्रेत दहापैकी सात फुगे फोडले होते. मग आता गोळी कागदाच्या बाहेर का जाते? वर्षभर विचार केला. आज उत्तर सापडलं. छर्रे. डब्यातले तयार छर्रे एकसारखे नसतात.
टेरेन्सला फोन करून सांगितलं. हा आमचा कोच, गिरगावातला, माणूस चांगला पण दृष्टी नाही. म्हणतो, रघुनाथ, छर्रा बरोबर हाय रे, तू एकदा डोळे दाखवून ये. डोळे! ऑफिसच्या मेडिकलमध्ये सिक्स बाय सिक्स आहे माझं. फाइल आहे घरात. १९९८ ची आहे, पण फाइल आहे.
निर्णय : स्वतःचे छर्रे स्वतः ओतणार.

सोमवार, ८ सप्टेंबर. दुपार.
यूट्यूबवर एक दाढीवाला अमेरिकन काका आहे. साच्यांवर एकोणीस व्हिडिओ. चार पाहिले. ॲल्युमिनियमचा साचा लवकर तापतो, लोखंडाचा टिकतो, पितळेचा सुबक पण जड. शिवाय नाक. गोल नाकाचा छर्रा पट्टीत अडकत नाही. चपट्या नाकाचा कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतो, पण सेमी-ऑटोमॅटिकमध्ये चढताना अडतो म्हणे. साच्यावर सगळं अवलंबून आहे असं काका तीनदा म्हणाला. माझंही पहिल्यापासून हेच मत होतं.
शेवंती (आमची मंडळी) म्हणाली, पितृपक्ष लागलाय, नवीन वस्तू घरात आणू नका. मी म्हटलं, साचा ही वस्तू नाही, साधन आहे. ती म्हणाली, साधन असो नायतर काय असो, माझ्या कढईला हात लावाल तर बघा.
कढईबद्दल मी अजून काहीच बोललो नव्हतो. हिला कळतं कसं?

बुधवार, १० सप्टेंबर.
गोल नाक.

बुधवार, १० सप्टेंबर. संध्याकाळ.
चपटं नाक. कागदाचं भोक स्वच्छ हवं. परीक्षकांवर छाप पडते.
आज शेवंतीला गिरगावातून कास्मीर अंकलचा फोन आला होता. त्यांच्या छापखान्यात माझे सासरे, आबा, चाळीस वर्षं कंपोझिटर होते. छापखाना बंद होतोय. खंडेनवमीला पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनची शेवटची पूजा करणार, मशीन शेवटचं चालवणार आणि मग ते भंगारात. शेवंती फोनवर रडली, मग एकदम हसली. आमच्या लग्नाची पत्रिका आबांनी स्वतःच्या हाताने जुळवली होती. छापून झाल्यावर खिळे (शिशाची सुटी अक्षरं) परत खणात टाकलेच नाहीत. अख्खा फर्मा, म्हणजे अक्षर न् अक्षर लावलेलं, दोऱ्याने करकचून बांधून कागदात गुंडाळून लेकीला दिला. बिस्किटाच्या डब्यात खाटेखाली आहे, तीस वर्षं. दर खंडेनवमीला ती तो पाटावर ठेवते, हळदकुंकू लावते. आता म्हणते, त्या शेवटच्या दिवशी त्याच फर्म्यावर पन्नास पत्रिका छापू. डिसेंबरात लग्नाला तीस वर्षं होतात, सगळ्यांना जेवायला बोलावू. फक्त तारखेची ओळ बदलायची. आबांचा हात शेवटचा कागदावर उमटेल.
मी म्हटलं, छान. मी तेव्हा नाकाचा विचार करत होतो.

शुक्रवार, १२ सप्टेंबर.
लालबागला निलेशकडे गेलो. निलेश मूर्तींचे साचे करतो. विसर्जनानंतर त्याला काम नाही, त्यामुळे सल्ला भरपूर. म्हणाला, काका, साचा म्हणजे आपला हातखंडा, वीस फुटी बाप्पाचा कान काढतो, छर्रा काय चीज आहे! दोन तासांत प्लास्टरचा साचा करून दिला. देखणा. एका बाजूला त्याने सवयीने बारीक नक्षीही काढली होती.
शिवडी बंदरावरून जाळ्यांना बांधायचं शिसं आणलं. ओतकाम गच्चीवर. मास्क लावला, हातमोजे घातले, शेजाऱ्यांना सांगितलं की वैज्ञानिक काम आहे.

शनिवार, १३ सप्टेंबर.
प्लास्टर ओलं होतं. याबद्दल अधिक लिहीत नाही.
भुवई वाढते परत. शेवंती म्हणाली, उजवीच गेली ना, नेम डावीने धरा. निलेशला फोन केला तर म्हणतो, काका, मला वाटलं तुम्ही शाडूचे छर्रे करताय.

रविवार, १४ सप्टेंबर.
झालं ते बरंच झालं. ऑनलाइन तयार साचा मागवला, ॲल्युमिनियम, दोन खोबणींचा, गोल नाक. दाढीवाल्या काकाची हीच शिफारस. स्क्रीनवरची अक्षरं हल्ली फार बारीक ठेवतात. कंपन्यांचा मूर्खपणा.
संकल्प : रोज सकाळी अर्धा तास हात स्थिर ठेवण्याचा व्यायाम. भरलेला तांब्या हातात धरून उभं राहायचं.

सोमवार, १५ सप्टेंबर.
तांब्या पडला. खालच्या मजल्यावरच्या चंपाबाई वर आल्या होत्या.

गुरुवार, १८ सप्टेंबर.
साचा आला! वजनदार, चकचकीत. संध्याकाळी दहा छर्रे ओतले. सुंदर. फक्त पट्टीत जात नाहीत. एकही नाही. पट्टी फारच लहान बनवली आहे.

शुक्रवार, १९ सप्टेंबर.
शेवंतीने साच्याचं खोकं हातात घेतलं आणि वाचलं. नऊ मिलिमीटर. आपल्याला चार पॉइंट पाच हवा. म्हणजे मी दुप्पट मापाचा मागवला. टेरेन्सला फोटो पाठवला तर त्याचा लगेच फोन. हा खऱ्या पिस्तुलाच्या गोळीचा साचा हाय, येडा झाला काय तू, आजच्या आज परत कर, पोलीस आला तर मी तुला ओळखत नाय. आम्ही नायगावच्या पोलीस क्वार्टर्सपासून बसने दहा मिनिटांवर राहतो. साचा पंधरा मिनिटांत परत पॅक केला. दहाच्या दहा छर्रे पुन्हा वितळवले.
मग शेवंती चष्मा लावून माझ्या शेजारी बसली आणि योग्य साचा तिने शोधून दिला. पाऊण तास बसली होती. एक-एक ओळ वाचून दाखवत होती, नाक गोल, खोबणी दोन, माप चार पॉइंट पाच, बघा नीट. हिला तसं या विषयातलं काही कळत नाही, पण वाचन बरं आहे. कंपोझिटरची मुलगी. उलटी अक्षरंसुद्धा सुलटी असल्यासारखी वाचते.

सोमवार, २२ सप्टेंबर. घटस्थापना.
साचा आला. छर्रे पट्टीत जातात. मी आनंदाने टाळी वाजवली, शेवंतीने घटाला नमस्कार केला.
पण शिसं मऊ पडतं. छर्‍याची कड नीट भरत नाही, नाक चेपतं. दाढीवाला काका म्हणतो, सगळ्यात उत्तम धातू म्हणजे छापखान्यातले खिळे. शिसं, कथील आणि आणखी काहीतरी. कडक, धार एकदम स्वच्छ.
छापखान्यातले खिळे! नशीब असं घरात चालून येतं.

मंगळवार, २३ सप्टेंबर.
सकाळीच गिरगावात कास्मीर अंकलकडे. अंकल पंच्याऐंशी वर्षांचे, ॲप्रन घालून रिकाम्या छापखान्यात बसले होते. मी म्हटलं, थोडे खिळे हवेत, कारणाला. त्यांनी कारण विचारलं नाही. म्हणाले, आबाच्या जावयाला नाय कसा बोलू, ने बाबा. सुटे खिळे बिस्किटाच्या डब्यात भरून दिले. त्यांच्याकडे नाताळचे असे डबे पुष्कळ. मग दहा मिनिटं आबांबद्दल बोलत होते. आबा म्हणे ओळ लावताना डोळे मिटून बोटांनी खिळा ओळखायचे. मला स्पर्धेची घाई होती.
डबा खाटेखाली सरकवला.
शेवंतीने ट्रेडलसाठी हार आणि पेढे सांगून ठेवलेत. प्रभादेवीच्या मावशीपासून सगळ्यांना फोन झाले. मला दोनदा विचारलं, तुम्ही सुट्टी घ्याल ना त्या दिवशी? मी रिटायर होऊन दीड वर्ष झालं.

गुरुवार, २५ सप्टेंबर. दुपारी ४.
आजचा दिवस सोन्याचा.
शेवंती देवळात गेली होती. खाटेखालून डबा काढला. वर मोठ्या अक्षरांत ‘खिळे’ लिहिलेलं आहे, खाली बारीक काहीतरी, त्याच्याशी आपल्याला काय करायचंय. कास्मीर अंकलच्या पॅकिंगला मात्र मानलं. आत कागद, कागदात एक ठोकळा, दोऱ्याने करकचून बांधलेला. दोरा कापायला विळी घ्यावी लागली. खिळे ओळीने उभे, एकही हललेला नाही. भंगाराला एवढी शिस्त! जुनी माणसंच वेगळी.
गच्चीवर नेऊन वितळवले. काय धातू आहे! साच्याची कड न् कड भरली. एकशे बारा छर्रे. चकचकीत, एकसारखे. लोणच्याच्या बरणीत भरून ठेवले.
माहीमच्या जत्रेत नऊ फुगे फोडले होते, तेव्हाचा आत्मविश्वास परत आला.

शनिवार, २७ सप्टेंबर.
शेवंतीला बरणी दाखवली. तिने एक छर्रा तळहातावर घेतला, चांगला जमलाय म्हणाली. मनापासून म्हणाली. खंडेनवमीला तुमचं पिस्तूल, ही बरणी आणि आबांचा डबा शेजारी शेजारी ठेवूया, म्हणाली.
मेडल ठेवायलाही जागा सोड, असं मी तिला सुचवलं.

रविवार, २८ सप्टेंबर. स्पर्धेनंतर.
सविस्तर लिहिण्याची मनःस्थिती नाही. टेरेन्सने नियम सांगितला की घरचा छर्रा चालणार नाही. मी त्याला माहीमच्या जत्रेतले दहाच्या दहा फुगे ऐकवले. तो म्हणाला, मार बाबा एक पट्टी सरावाला, हौस फेड.
पहिला छर्रा शेजारच्या लेनच्या निशाणाला लागला. दुसरा कुठे गेला ते परीक्षकांनाही कळलं नाही. तिसरा नळीत अडकला. धातू जरा जास्तच कडक. पिस्तूल टेरेन्सकडे, काढतोय.
मग क्लबचे तयार छर्रे आणि क्लबचं पिस्तूल घेऊन खरी स्पर्धा. पाचपैकी शून्य. म्हणजे छर्‍यांचा दोष नव्हता असं टेरेन्सचं म्हणणं. त्याने मला भिंतीवरचा बॅनर वाचायला सांगितला. मी विचारलं, कुठला बॅनर?
उद्या तो मला दादरला चष्म्याच्या दुकानात नेणार आहे. केवळ त्याच्या समाधानासाठी जातोय.

मंगळवार, ३० सप्टेंबर. दुपार.
चष्मा मिळाला. उजवा डोळा मोतीबिंदूकडे झुकलाय, डावाही त्याच्या मागे. दोन्ही नंबर इथे लिहीत नाही.
चष्मा लावून घर बघितलं. छताला जळमटं. कॅलेंडरवर रोजची टिपणं, बारीक अक्षरात, शेवंतीची. शेवंतीचे केस जवळजवळ सगळे पांढरे झालेत. हे कधी झालं? ती खिडकीत बसून पत्रिकेतली तारखेची नवी ओळ कागदावर लिहून बघत होती. मी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिलो. तिने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काच तपासतोय.

तोच दिवस. ५ वाजता.
खाटेखाली डबे दोन आहेत. एक भरलेला, सुटे खिळे, झाकणावर काहीही लिहिलेलं नाही. कास्मीर अंकलचा. दुसरा रिकामा. त्याच्यावर मोठं ‘खिळे’ आणि खाली बारीक, सुबक अक्षरात : ‘शेवंतीच्या लग्नाचा फर्मा. कोणी हात लावू नये. – आबा.’
तीन वेळा वाचलं. चष्म्यातून अगदी स्पष्ट दिसतं.

५.३०.
तिला सांगून टाकतो. आत्ता.

५.५०.
आत्ता ती भाकऱ्या करते आहे. गरम तव्यासमोर असली बातमी देऊ नये.
शिवाय यात माझी चूक कितपत? एकाच आकाराचे डबे, एकाच ठिकाणी. बारीक अक्षरं. आबांनी मोठं लिहायला काय हरकत होती?
हे लिहिल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली. खोडत नाही.

६.३०.
तोडगा सापडला. अंकलचा डबा भरलेला आहे. अल्बममध्ये मूळ पत्रिका आहे. तीच पत्रिका मी पुन्हा जुळवतो. अक्षरं काय, ओळीने उभी करायची. नोकरीत असताना शिवडीच्या गोदामात चाळीस हजार पेट्या ओळीने लावल्या मी. शेवंतीला सांगितलं की गच्चीवर छर्‍यांचं काम आहे. 

९ वाजता.
सगळं झालं. ‘घ’ कुठे सापडेना, त्याऐवजी ‘ध’ लावला. दोऱ्याने करकचून बांधलं, कागदात गुंडाळून आबांच्या डब्यात ठेवलं. वरून वाचलं तर क्रम अगदी मूळ पत्रिकेसारखा दिसतो. डावीकडून उजवीकडे सरळ.
उद्याची काळजी मिटली.

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी. दुपार.
घडलं ते क्रमाने लिहितो.
छापखान्यात ट्रेडलला झेंडूचा हार. कास्मीर अंकलच्या बायकोने, बेट्टी आंटीने, अगरबत्ती लावली, कुंकू शेवंतीने. अंकल ॲप्रनमध्ये, ताठ. मावशी, टेरेन्स, निलेश, सगळे हजर. शेवंतीने नवी साडी नेसली होती. तिने डबा उघडला, कागद सोडवला, ठोकळा हातावर घेतला आणि सवयीने बोटं फिरवली.
तिची बोटं थांबली.
मग तिने वाचलं. माझ्याकडे पाहिलं नाही. अंकलला म्हणाली, बसवा मशीनवर. अंकल म्हणाले, बाय, हे तर सरळ लावलंय. ती म्हणाली, माहीत आहे, एक काढा.
अंकलने पायाने ट्रेडल चालवलं. शेवटचं. कागद बाहेर आला. अक्षरं सुलटी, पण प्रत्येक ओळ उलटी, शेवटचं अक्षर आधी. ओळ उलटी लावायची तेव्हा कागदावर सुलटी उमटते, हे तीस वर्षं कंपोझिटरचा जावई असूनही मला माहीत नव्हतं.
शेवंतीने तो कागद सगळ्यांना वाचून दाखवला. तिला उलटं येतं. चि. रधुनाथ. चि. सौ. कां. शेवंती. निलेश तेवढा हसला.
मग तिने मला विचारलं, आबांचा कुठे आहे?
मी बरणी म्हटलं. एवढंच म्हटलं. लोणच्याची बरणी.
ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. अंकलने मशीनवरून हात फिरवला, ॲप्रन काढून त्याची घडी केली आणि खुर्चीवर ठेवली. बेट्टी आंटीने सगळ्यांना पेढे वाटले. मलाही दिला.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा. सकाळ.
माहीमच्या जत्रेत फुगे चारच फोडले होते. तेही तिकडच्या माणसाने बंदूक धरून दिली होती म्हणून.
शेवंती कालपासून एक वाक्य बोलली : पाट मांडा. मांडला. तिने पिस्तुलाची रिकामी पेटी बाजूला सारली आणि मधोमध बरणी ठेवली. एकशे नऊ छर्रे. झाकण उघडून आतल्या प्रत्येकाला बोट लावत होती, काहीतरी शोधत असल्यासारखं. मग हळदकुंकू वाहिलं, सोनं ठेवलं, डोकं टेकलं. बराच वेळ वर केलं नाही. मीही टेकलं. मला फार वाईट वाटतंय. हे सांगायला इथे दुसरं कोणी नाही म्हणून इथे लिहितो.

११ वाजता.
गच्चीवर गेलो. ओतकामाची मळी एका फुटक्या डब्यात टाकून ठेवली होती. चष्मा लावून तासभर चिवडली. एक खिळा मिळाला. खालून वितळलेला, पण अक्षर शाबूत. खाली धावत आलो, तिच्या हातावर ठेवला. म्हटलं, आबांचा एक तरी सापडला, ‘ध’ आहे.
तिने चष्मा न लावता अंगठा फिरवला. म्हणाली, ‘घ’ आहे. सगळ्या पत्रिकेत ‘घ’ एकच होता, तुमच्या नावातला. माझं नाव गेलं, आई-आबांची नावं गेली, सगळं घर वितळवलंत, आणि तुम्ही तेवढे उरलात.
हे ती हसून म्हणाली की कशी, ते चेहऱ्यावर दिसलं असतं. मी त्याआधीच चष्मा काढून खिशात ठेवला होता.